धोंडीचं पाणी आणि दामाजीचं कोठार

(जालना इथल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



मी वक्ता नाही. मुंबईच्या गोदीत कंत्राटावर काम करतो. दहावी पास आहे. कविता लिहितो, पण आज कविता म्हणणार नाही. शिबिराच्या पोरांनी विषय दिला : हवामानबदल, अन्नटंचाई आणि धर्म. पाळी संपवून काल रात्री गाडीत बसलो. मनमाड गेलं तरी डोक्यात विषय बसेना. हे तीन शब्द विद्वानांनी एकत्र बांधलेत असं वाटत होतं. मग उजाडलं, खिडकीतून आपली काळी, भेगाळलेली जमीन दिसली, आणि आठवलं. हे तिन्ही शब्द माझ्या अंगावरून वाहून गेलेत. ते कसं, ते आधी सांगतो.

२०१२ चा पावसाळा. मी बारा वर्षांचा. अंबड तालुक्यातलं आमचं गाव. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. गावानं ठरवलं, धोंडी काढायची. शहरातल्या पोरांना धोंडी माहीत नसेल. एका पोराला उघडं करतात, कंबरेला लिंबाचा पाला बांधतात, काठीला बेडूक टांगतात आणि दारोदार फिरवतात. घरची बाई पोराच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतते. मग देव पाऊस पाडतो म्हणे.

धोंडी कोण होणार? पाटलाचं पोर उघडं फिरत नसतं. आमच्या वाड्यातून मला उचललं.

त्या दिवशी माझ्या डोक्यावर सगळ्या गावाचं पाणी पडलं. ज्या बाया माझ्या मायच्या घागरीत एरवी हातभर वरून पाणी सोडायच्या, त्या बाया माझ्या अगदी जवळ आल्या. कुणाला विटाळ झाला नाही. देवाचं काम होतं ना! मी थंडीनं नाही, आनंदानं थरथरत होतो. कित्येक दिवसांनी आंघोळ झाली होती.

माय मागून येत होती. हातात पातेलं. माझ्या अंगावरून निथळणारं पाणी ती पातेल्यात धरू पाहत होती. कुणीतरी हसलं. ती म्हणाली, "हसू नगा बाई. शेळीला होईल."

पाऊस काही आला नाही. २०१३ चा उन्हाळा या जिल्ह्यानं कसा काढला ते इथं बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारा. मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. लोकांनी स्वतःच्या हातानं लावलेली झाडं स्वतःच्या हातानं तोडली. त्या उन्हाळ्यात आमच्या गावात सप्ताह बसला. सात दिवस हरिनाम, सात दिवस पंगती. गावाला टँकर यायचा. तो आधी देवळाच्या टाकीत रिकामा व्हायचा, उरलासुरला आमच्या वाड्याकडं यायचा. कीर्तनात महाराज म्हणाले, लोकांचं पाप वाढलंय म्हणून पाऊस रुसलाय. माय ओट्याच्या खाली, लांब बसली होती. घरी येऊन ती एवढंच बोलली, "पाप आपलं आन् पानी त्यांचं. आसं कसं रं?"

भावांनो, माझ्या मायला अक्षर येत नाही. पण आजच्या विषयावर यापेक्षा मोठा प्रश्न मी कुठल्या पुस्तकात वाचला नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी खोटा ठरेन. त्याच सप्ताहात एक माळकरी म्हातारा होता. दोन एकराचा धनी. तो पहाटे स्वतःच्या विहिरीतून गाळाचं का होईना, पण पाणी शेंदून आमच्या बायांच्या घागरी भरायचा. घागरीला घागर लावून. त्याच्या जातीनं त्याला पंगतीतून उठवलं. तो म्हणाला, "तहानलेल्याला सोवळं नसतं बाबांनो." धर्म त्याचाही तोच होता. महाराजांचाही तोच. म्हणून मी असं म्हणणार नाही की धर्म म्हटला की सगळं चोरच. मी विचारणार : विहिरीचा दोर कुणाच्या हातात दिला? कोठाराची किल्ली कुणाच्या कमरेला राहिली? दुष्काळात धर्माची परीक्षा एवढीच. बाकी टाळ, घंटा, अजान, प्रार्थना, त्रिसरण, सगळं नंतर.

आपल्याकडं दामाजीची कथा घरोघर सांगतात. पंधराव्या शतकातला दुष्काळ. मंगळवेढ्याला बिदरच्या बादशहाचं कोठार, दामाजी तिथला अधिकारी. माणसं पटापट मरू लागली तेव्हा त्यानं सरकारी कोठार फोडलं, धान्य वाटलं. बादशहानं पकडायला माणसं धाडली. मग म्हणे विठ्ठल बिदरला गेला आणि धान्याची रक्कम चुकती केली. कोणाचं रूप घेऊन गेला? विठू महाराचं. हातात काठी, खांद्यावर घोंगडी.

या कथेवर लोक रडतात. मीही लहानपणी रडलो. आता मोठा झालो तर वेगळं दिसतं. देवाला पैसे चुकते करायचे होते, तर तो सावकार होऊन गेला नाही, ब्राह्मण होऊन गेला नाही. त्याला महार व्हावं लागलं. कारण गावाचा हिशेब, गावाचा सारा, गावाचा निरोप वाहून नेणारा महारच होता. धान्य वाटणारा दामाजी संत झाला. जोहार घालून पैसे पोचवणारा विठू महार देव झाला. आणि खरोखरचा महार? त्याच मंगळवेढ्यात त्याच्या आधी शंभरावर वर्षं, १३३८ साली, चोखोबा गावकुसाचं बांधकाम करताना भिंतीखाली सापडून मेला. चोखोबाचं जन्मगाव म्हणून सांगतात ते मेहुणा राजा इथून लांब नाही, आपल्या शिवेपलीकडं बुलढाण्यात आहे. जे गावकूस आम्हाला बाहेर ठेवण्यासाठी, ते बांधायचं आम्ही, आणि पडलं तर अंगावर घ्यायचं आम्हीच.

दामाजीला माझा नमस्कार. नोकरी आणि मान पणाला लावून कोठार उघडणारा अधिकारी आज शोधून दाखवा. पण त्याचं कोठार एकदाच उघडलं. पुढच्या दुष्काळात पुन्हा दामाजीची वाट बघायची. दान असंच असतं. देणाऱ्याच्या मनात आलं तर मिळतं, आणि मिळालं की मान खाली घालावी लागते. हक्काला मान खाली घालावी लागत नाही.

१९७२ चा दुष्काळ माझ्या आज्यानं पाहिला. तेव्हा जालना जिल्हा नव्हता, तो झाला १ मे १९८१ ला. आजा दुष्काळी कामावर खडी फोडायचा. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो. आजी म्हणायची, "मिलो खाल्ला की दात दुखायचे, पन जीव ऱ्हायला." १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्या माणसांनी घाम गाळला, मोर्चे काढले, घेराव घातले, म्हणून १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला. यज्ञातून आला नाही.

आणि त्याच १९७२ च्या मे महिन्यात काय झालं? परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला विहिरीच्या पाण्यावरून आपल्या दोन बायांना नागवं करून मारलं. आपला परतूर तालुका तेव्हा परभणीतच होता, म्हणजे ते गाव आपल्याच अंगणातलं. त्याच वर्षी मुंबईत पँथर उभी राहिली. पुस्तकातून विद्रोह शिकलो असं कुणाला वाटत असेल तर त्यानं ते वर्ष आठवावं. विद्रोहाला विहिरीचं पाणी लागलेलं आहे. महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हापासून लागलेलं आहे.

आता हवामानबदल. हा शब्द शहरात मोठ्या हॉटेलांच्या सभांतून ऐकू येतो, म्हणून तो आपला नाही असं समजू नका. कोळसा, तेल जाळून धूर झाला, हवा तापली, समुद्र तापला. तापलेला समुद्र जास्त वाफ देतो. पाऊस संपला नाही, त्याची चाल बिघडली. महिना महिना खंड, आणि मग एका रात्रीत आभाळ फाटतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. २०१२ ला आपण थेंबासाठी मेलो. २०२५ च्या सप्टेंबरात हाच मराठवाडा पाण्याखाली गेला. सोयाबीन जागेवर कुजलं, माती वाहून गेली.

हा धूर कुणाचा? माझ्या मायनं आयुष्यात गाडी चालवली नाही, विमानात पाय ठेवला नाही. तिच्या चुलीचा धूर तिच्याच डोळ्यात गेला. तरी पहिली झळ तिला. जसं सप्ताहातलं गणित होतं तसंच हे जगाचं गणित : पाप एकाचं, तहान दुसऱ्याची. फरक एवढाच, की महाराजांनी पाप आमच्यावर ढकललं होतं, आणि शास्त्रानं ते कुणाचं हे मोजून दाखवलंय.

गोदीतली एक गोष्ट सांगतो. मी तुरीच्या गोण्या वाहतो. पन्नास किलोची एक गोणी. मोझांबिकची तूर, बर्मातली तूर. पाठीवर गोणी घेतली की मला जालन्याची तूर आठवते. इथं तूर करपते किंवा कुजते, आणि समुद्रापलीकडची तूर माझ्या पाठीवरून उतरते. तिकडं पिकवणारा काळा शेतकरी, उतरवणारा मी, आणि भाव ठरवणारा तिसराच. त्या तुरीचं वरण माझ्या खोलीवर आठवड्यातून दोनदा होतं. अन्नटंचाई म्हणजे अन्न नसणं नव्हे. अन्न माझ्या पाठीवर असतं, ताटात नसतं.

अशा वेळी धर्म काय करतात? बघू या.

२०१५ साली मराठवाड्यात दुष्काळ होता. पैठणचं जायकवाडी तळाला गेलं होतं. त्याच साली नाशिकला कुंभमेळा होता. शाहीस्नानासाठी गोदावरीत गंगापूर धरणातून पाणी सोडलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. तीच गोदावरी खाली आपल्याकडं येते. वर साधूंनी पाप धुतलं, खाली आपण भांडी राखेनं घासली. २०१९ ला शेजारच्या कर्नाटक सरकारनं मंदिरांना पर्जन्यहोम करायला सांगितलं. माझी धोंडी आणि सरकारचा होम, यात फरक काय? मी उघडा होतो आणि तूप जळलं नव्हतं, एवढाच.

पण त्याच २०१५ च्या आसपास सिद्धिविनायक, शिर्डी अशा संस्थानांनी जलयुक्त शिवारला पैसे दिले. दिले ते बरं केलं. बंधारे झाले असतील, पाणी अडलं असेल. पण मी विचारणार, अडलेलं पाणी कुणाच्या रानात मुरलं? आपल्याकडं देवस्थान इनामाच्या जमिनी आहेत. देवाला पोट नाही, तरी त्याच्या नावावर सातबारा आहे. माझ्या मायला पोट आहे, सातबारा नाही.

ख्रिस्ती लोकांचंही बघू. या जालन्यात १८६० नंतर नारायण शेषाद्री आले. जन्मानं ब्राह्मण, १८४३ ला ख्रिस्ती झालेले. त्यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी त्यासाठी जमीन दिली. तिथं येणारे बरेचसे मातंग होते. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी या मातीत एका धर्मानं मांगाच्या पायाखाली जमीन दिली. त्या बदल्यात देव बदलावा लागला, हे खरं. पण ज्या देवानं आम्हाला हजार वर्षं वीतभर जमीन दिली नाही, तो बदलला म्हणून रडायचं कशाला?

दुसरं उदाहरण तुम्हाला जवळचं आहे, कडवंची. जालन्यापासून हाकेच्या अंतरावर. १९९६ पासून तिथं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम झालं, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं ते केलं. डोंगरावर चर खणले, माती अडवली, पुढं शेकडो शेततळी झाली. २०१२ ला जिल्हा जळत होता तेव्हा तिथल्या द्राक्षबागा हिरव्या होत्या. आणि हा कार्यक्रम महाराष्ट्रात उभा करण्यामागं कोण होते? हर्मन बाखर. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट पाद्री, नगर जिल्ह्यात आयुष्य घातलेले. २०२१ साली वारले. त्यांनी पावसासाठी मेणबत्त्या लावून बसायला सांगितलं नाही. डोंगर नीट करा, पावसाला उतारावर चालायला शिकवा, असं सांगितलं. धर्माचा माणूस असं बोलला तर मी त्याच्या पाया पडेन.

तरीही प्रश्न उरतो. या पाणलोटाच्या कामांच्या अटी असतात : श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. डोंगर हिरवा व्हायला त्या लागतात, मान्य. पण जिची शेळी हेच तिचं शेत, तिची शेळी कुठं चरणार? जिच्याकडं गुंठा नाही, तिनं चर खणायचे आणि पाणी दुसऱ्याच्या विहिरीत वाढायचं. म्हणून मी म्हणतो, पाणी अडवण्याआधी जमिनीचं बोला. १९५९ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, मराठवाड्यातली माणसं तुरुंगात गेली. १९९१ ला सरकारनं १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. कित्येकांना आजही कागद नाही. २०२२ ला गायरानाचा विषय उच्च न्यायालयात गेला आणि पुन्हा नोटिसा निघाल्या. गावाचं गायरान आम्ही दगड वेचून पिकवलं, त्यात ज्वारी उगवली, आणि आम्ही अतिक्रमणवाले!

आता सगळ्यात अवघड भाग. दुसऱ्यांचे धर्म तपासणं सोपं असतं. आपला धम्म तपासायचा.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हे बाबासाहेबांचं पुस्तक १९५७ ला आलं. त्यात सिद्धार्थानं घर का सोडलं? म्हातारा, रोगी, प्रेत बघून सोडलं, ही जुनी गोष्ट बाबासाहेबांनी बाजूला ठेवली. त्यांनी सांगितलं रोहिणी नदीचं भांडण. शाक्य आणि कोलिय, मधून एक नदी, शेतीच्या पाण्यावरून तंटा. संघ युद्ध करायला निघाला, सिद्धार्थानं नकार दिला, आणि त्याला घर सोडावं लागलं. म्हणजे आपल्या धम्माची सुरुवातच पाणीवाटपाच्या प्रश्नापासून आहे. आणि हे लिहिणारा माणूस १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याचं, नद्यांच्या पाण्याचं नियोजन करत होता.

दुसरी गोष्ट आळवीची. बुद्ध एका शेतकऱ्यासाठी थांबले. त्याचा बैल हरवला होता, तो शोधून शोधून दमून भुकेला आला. सगळा संघ उपदेशाची वाट बघत होता. बुद्धांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितलं. मग उपदेश केला. भुकेल्याला धम्म सांगू नये, एवढा साधा धडा.

आणि आपण काय करतोय? या वस्तीत नव्या विहारासाठी वर्गणी जमलीय. मीही दोन महिन्यांची शिल्लक दिलीय. संगमरवरी मूर्ती आणायची, कमान बांधायची, असा बेत आहे. भाषण झाल्यावर बैठक आहे. माझं म्हणणं तुम्हाला आवडणार नाही, पण पाठीमागं बोलण्यापेक्षा तोंडावर बोलतो. या विहारात दुष्काळाच्या वर्षी खायला काय असेल? अतिवृष्टीत घरं पडली तर इथं किती पोरांना झोपता येईल? रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, तो २०१३ च्या कायद्यानं दिलेला हक्क आहे, त्यासाठी भांडूच. पण ते संपल्यावर महिन्याच्या विसाव्या दिवशी बाई कुणाच्या दारात जाते? सावकाराच्या, नाहीतर ऊसतोडीच्या मुकादमाच्या. उचल घेते आणि सहा महिने गाव सोडते. पोरांची शाळा तिथंच तुटते.

दामाजीच्या बादशहाचं ते बिदर. त्याच्या शेजारी, तेलंगणात, जहिराबाद आहे. तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघांतल्या दलित बायांनी पडीक जमिनी कसल्या. ज्वारी, बाजरी, डाळी घेतल्या. १९९० नंतरच्या दशकात गावातच धान्याची कोठारं केली. गावातलं सगळ्यात गरीब घर कुठलं, हे बायांनीच ठरवलं आणि त्याला तिथूनच धान्य. दर वर्षी बैलगाड्यांतून जुन्या बियाण्यांची जत्रा काढतात. त्या जत्रेत देव नसला तरी माझ्या लेखी ती जत्राच. तिथं दामाजीची वाट बघत नाहीत. किल्ली बायांच्या कमरेला आहे.

मी काल मायला फोन केला, म्हणालो, मूर्तीऐवजी धान्याची खोली बांधा असं सांगणार आहे. ती गप्प झाली. मग म्हणाली, "देवळात मला जाऊ दिलं न्हाई रं. आपल्या बाबाची मूर्त आपल्या घरात बघायची व्हती." माझं तोंड बंद झालं. शहरात राहून, दोन पुस्तकं वाचून मूर्तीला नाव ठेवणं सोपं असतं. जिला आयुष्यभर ओट्याखाली बसवलं, तिची भूक निराळी असते. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "मूर्त ल्हान आन. कनग्या मोठ्या आन. एकाच खोलीत ठिवा. बाबा राखण करील."

तर माझा ठराव माझा नाही, मायचा आहे. मूर्ती लहान. कणग्या मोठ्या. सुगीत ज्याला जमेल त्यानं पायली-दोन पायली ज्वारी टाकायची, आमच्यासारख्या शहरातल्यांनी पैसे टाकायचे. उसनं नेलं तर सुगीला परत, व्याज नाही. छपराचं पाणी टाकीत उतरवायचं. टाकीवर जात विचारायची नाही, मातंग, भिल्ल, मुसलमान, आणि उद्या पाटलाची बाई घागर घेऊन आली तर तिचीही भरायची. घागरीला घागर लावून. वही लिहायला दहावीच्या पोरी आहेत. किल्ली बायांकडं. आणि गायरानाचे कागद घेऊन तहसीलवर जायचं, तेही याच विहारातून निघून.

एवढं झालं तर मी म्हणेन की आपल्याकडं धम्म आहे. नाही झालं तर आपल्यातही एक महाराज बसलाय असं समजा.

पाऊस यायचा तेव्हा येईल, नको तेवढाही येईल. पण या वस्तीतलं पोर पुन्हा धोंडी होऊन उघडं फिरणार नाही, आणि कुठल्या मायला पोराच्या अंगावरून निथळलेलं पाणी पातेल्यात धरावं लागणार नाही. बैठकीला सगळे थांबा. बाया पुढं बसा.

जयभीम.